फवारणी पंपाचे इंजिन मध्येच बंद का पडते?



आज बियाण्याविषयी किंवा खताविषयी बोलायचे नाही. आज बोलायचे आहे पाठीवरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाविषयी. त्यातही एकाच गोष्टीविषयी: टाकीत भरलेले पेट्रोल इंजिनाच्या पोटात नीट पोहोचते की नाही.

तुम्ही म्हणाल, हे काम मिस्त्रीचे, आम्हाला कशाला सांगता? सांगतो. तुरीला शेंगा लागल्या, शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली. अळी लहान असते तोवरच औषध चांगले लागू पडते. तीच मोठी झाली, शेंगेत डोके खुपसून बसली, की मग कितीही औषध मारा, अर्धे वाया. अशा वेळी दोन दिवस पंप तालुक्याला दुरुस्तीला पडून राहिला तर ते दोन दिवस अळीचे झाले. दुरुस्तीचे पैसे दिसतात, शेंगांचे नुकसान मात्र खळ्यावरच कळते.

दुसरे असे, की इंजिन बंद न पडता नुसते मरगळले तरी तोटा होतोच. आपल्या पंपात औषधाचे बारीक तुषार होतात ते पंख्याच्या हवेच्या जोराने. इंजिनाचा वेग उतरला की हवेचा जोर उतरतो आणि तुषारांचे मोठे थेंब होतात. मग एका झाडावर औषधाचे ओघळ, त्याची पाने करपतात, आणि शेजारच्या झाडाच्या शेंड्याला थेंबही मिळत नाही. औषध तेवढेच संपले, पण काम झाले नाही.

आता हे होते कसे ते पाहू.

इंजिन उपाशी राहिले की काय होते

आपल्यापैकी बहुतेकांच्या पंपाचे इंजिन टू स्ट्रोक असते. ट्रॅक्टरच्या इंजिनात तळाशी वेगळे ऑइल भरलेले असते, तसे यात नसते. पेट्रोलात जे ऑइल मिसळतो, तेच पेट्रोलाबरोबर आत जाते आणि पिस्टनला, सिलिंडरला, बेअरिंगला वंगण देते. म्हणजे पेट्रोल ही या इंजिनाची भाकरी, आणि तेलही त्या भाकरीलाच लावलेले. भाकरी कमी गेली की तेलही कमीच गेले.

म्हणून टू स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल कमी पोहोचणे ही नुसती बंद पडण्याची गोष्ट नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन तापते. त्याच वेळी वंगणही कमी पडलेले असते. तशाच स्थितीत तास-अर्धा तास रेटून चालवले तर पिस्टन सिलिंडरला घासतो, ओरखडे पडतात आणि शेवटी जाम होतो. एका साध्या नळीसाठी पिस्टन-सिलिंडर बदलण्याची पाळी येते, ती अशी.

(हल्ली बाजारात फोर स्ट्रोक इंजिनाचे फवारणी पंपही मिळतात. ज्याच्या इंजिनाला ऑइल भरायचे वेगळे झाकण आहे, तो फोर स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळू नये. आजचे बोलणे टू स्ट्रोकपुरते आहे.)

पाण्याची वाट पाहता, तशी पेट्रोलची वाट पाहा

विहिरीवर मोटर चालू आहे आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही. आपण काय करतो? नवी विहीर खणत नाही. विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत जातो. कुठे पाट फुटला आहे, कुठे गवत अडकले आहे, कुठे दारे नीट धरले नाही, ते बघतो. इंजिनाचेही तसेच करा. टाकी ही विहीर, नळी हा पाट, कार्बोरेटर हे दारे आणि सिलिंडर हा वाफा. वरून खाली एकेक ठिकाण तपासत जा. पहिल्याच फटक्यात कार्बोरेटर खोलून बसू नका. पुष्कळदा दोष त्याच्या कितीतरी अलीकडे सापडतो.

आधी खात्री करा: दोष पेट्रोलचा की ठिणगीचा?

आठ-दहा वेळा दोरी ओढूनही इंजिन सुरू झाले नाही तर ओढत बसू नका. प्लग काढून बघा.

प्लगचे टोक कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे. दोष ठिणगीत आहे, नाहीतर चोक देऊन देऊन आत पेट्रोल जास्त झाले आहे. अशा वेळी प्लग पुसून कोरडा करा, चोक उघडा, बंद करण्याचे बटन बंदवर ठेवून प्लगशिवाय दोरी चार-पाच वेळा ओढा. आतले जास्तीचे पेट्रोल बाहेर पडेल. त्या वेळी जवळ बिडी-काडी नको.

प्लग कोरडा निघाला तर आणखी एक परीक्षा आहे. चहाच्या चमच्याचा चौथा भाग भरेल एवढेच ऑइल मिसळलेले पेट्रोल प्लगच्या भोकातून आत सोडा. पेट्रोलचा डबा झाकून दूर ठेवा, सांडलेले पुसा, प्लग घट्ट बसवा आणि दोरी ओढा. इंजिन दोन-चार क्षण फुरफुरून बंद पडले तर ठिणगी ठीक आहे. दोष पेट्रोलच्या वाटेवरच आहे.

इंजिन चालते, पण जोर धरत नाही, अशी तक्रार असेल तर चालू असताना चोक अर्धा लावून बघा. चोक लावल्यावर इंजिन सुधारले तर समजा ते उपाशी आहे: पेट्रोल कमी येते किंवा कुठून तरी जास्त हवा शिरते आहे. चोक लावल्यावर आणखी घुसमटले, धूर वाढला, तर उपासमार नाही. तेव्हा हवेची गाळणी मळली आहे का आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरली आहे का, ते बघा.

प्लगचा रंगही बोलतो. भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा तपकिरी असेल तर उत्तम. काळा आणि ओशट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर सावध व्हा, इंजिन उपाशी चालले आहे.

पहिले ठिकाण: टाकीचे झाकण

गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल कसे येते? गळगळ करीत, थांबत थांबत. दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते, कारण तेल बाहेर पडेल तेवढी हवा आत जावी लागते. पेट्रोलच्या टाकीचेही तसेच आहे. टाकीत हवा आत घेण्यासाठी सोय केलेली असते. पुष्कळ पंपांत ती झाकणातच बारीक भोक ठेवून केलेली असते. धुळीने, औषधाच्या भुकटीने ते बुजते. मग इंजिन सुरू होते, पाच-दहा मिनिटे झकास चालते आणि हळूहळू मरते. थोडा वेळ थांबलात की पुन्हा सुरू होते, पुन्हा मरते.

अशी तक्रार असली की इंजिन मरायला लागताच पंप खाली उतरवून ठेवा, बंद करा, थोडे निवू द्या आणि झाकण हळूच सैल करा. सुस्स करून हवा आत गेली आणि नंतर इंजिन ठीक चालले, तर दोष सापडला. झाकण पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून भोक मोकळे करा. पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून काही जण झाकणावर प्लास्टिकचा कागद बांधतात. हेतू चांगला, पण त्यानेच हवेची वाट बंद होते. कागद बांधू नका.

दुसरे ठिकाण: पेट्रोल स्वतः

टाकीत पेट्रोल आहे, पण ते कोणते? गेल्या हंगामातले उरलेले? जुने पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ धरते, आणि ती राळ कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसते.

शिवाय आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते. देशात २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे इथेनॉल आपल्याच उसापासून, मळीपासून आणि मक्यासारख्या धान्यापासून बनते, आणि शेतकऱ्याला त्याचा लाभही आहे. पण लहान इंजिन वापरणाऱ्याने त्याचा स्वभाव ओळखून असावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. उघड्या डब्यात, पावसाळी दमट हवेत ठेवलेल्या पेट्रोलात हळूहळू पाणी येते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते आणि पेट्रोल वर राहते. नळीचे तोंड असते तळाशी. म्हणजे इंजिन आधी तेच पाणी पिते, आणि त्या तळच्या थरात ऑइल नीट मिसळत नाही. दोन्हीकडून मार.

शंका आली तर थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या, बूच लावून पंधरा मिनिटे सावलीत स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पंपात वापरू नका. विहिरीजवळ, ओढ्याजवळ ओतूही नका.

इथेनॉलमुळे आणखी एक होते. जुन्या पंपांतल्या रबरी नळ्या आणि पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. पंप जुना असेल तर हंगामापूर्वी या वस्तू एकदा बघून घ्याव्यात. बदलताना पेट्रोलला चालणारी नळीच घ्यावी, पाण्याची नळी लावू नये.

तिसरे ठिकाण: गाळणी, कॉक आणि नळी

आता तुमच्या पंपाची टाकी कुठे आहे ते बघा. काही पंपांत टाकी कार्बोरेटरच्या वर असते आणि पेट्रोल आपोआप खाली उतरते. काहींत टाकी खाली असते आणि इंजिन पेट्रोल वर ओढून घेते. दोन्हींची परीक्षा वेगळी.

टाकी वर असेल तर: इंजिन गार असताना कार्बोरेटरकडची नळी काढा, खाली भांडे धरा आणि कॉक उघडा. पेट्रोलची सलग धार लागली पाहिजे. थेंब थेंब पडले तर कॉकमध्ये किंवा जाळीत कचरा आहे. कॉक उतरवून, जाळी पेट्रोलात मऊ ब्रशने धुऊन पुन्हा बसवा.

टाकी खाली असेल तर: टाकीत नळीच्या टोकाला एक जड गाळणी असते. जड अशासाठी, की तुम्ही वाकलात, वळलात तरी ती पेट्रोल असेल त्या बाजूला जाऊन पडावी. वाकवलेल्या तारेने ती बाहेर काढा. काळी पडली असेल, धुऊन साफ होत नसेल, तर बदला. गाळणीशिवाय पंप चालवू नका; आज चालेल, उद्या कार्बोरेटर तुंबेल. या पंपांना बहुधा दाबायचा रबरी फुगा असतो. तो दाबून सोडल्यावर पेट्रोलाने भरला पाहिजे. नुसते बुडबुडे येत असतील तर नळीला कुठे तरी चीर आहे आणि ती पेट्रोलाऐवजी हवा ओढते आहे.

नळी बोटांत वाकवून बघा. कडक झालेली, चिरलेली, टोकाला सैल झालेली नळी चिकटपट्टी लावून चालवू नका. टाकीतली नळी आखूड पडली तर टाकी निम्मी झाली की, किंवा बांध चढताना पंप कलला की, इंजिन खोकायला लागते. "टाकी भरलेली असते तोवर पंप चालतो, अर्ध्यावर आली की बंद पडतो," अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तिचे मूळ बहुधा इथेच असते.

चौथे ठिकाण: कार्बोरेटर

वरचे सगळे ठीक असेल तरच इकडे या. वाटीचा कार्बोरेटर असेल तर खालची वाटी काढून पाणी, कचरा, राळ साफ करा. जेट पेट्रोलाने धुवा आणि फुंकणीने किंवा हातपंपाने हवा मारा. त्यात तार, सुई, टाचणी घालू नका. जेटचे भोक मोजून पाडलेले असते. ते केसभर वाढले तरी मिश्रण बिघडते.

पडद्याचा कार्बोरेटर असेल तर आतला पातळ पडदा मऊ असावा. तो कडक, सुरकुतलेला झाला की पेट्रोल ओढणे थांबते. तो बदलावा लागतो. पडदा आणि पॅकिंग कोणत्या क्रमाने होते ते काढतानाच कागदावर मांडून ठेवा. हात बसला नसेल तर हे काम मिस्त्रीकडून करून घ्यावे.

कार्बोरेटरवरच्या स्क्रूविषयी एक इशारा. तो पिळत गेले की पेट्रोल कमी होते, इंजिनाचा आवाज खणखणीत होतो, वेग वाढल्यासारखा वाटतो. पुष्कळ जण खूष होतात. तो खणखणीतपणा उपाशी इंजिनाचा आहे. पूर्ण वेगाला थोडा जाडसर आवाज आणि किंचित धूर राहिला तर घाबरू नका. त्यात इंजिनाचे भले आहे.

पाचवे ठिकाण: चोरून शिरणारी हवा

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या जोडाला पॅकिंग असते. नट ढिले झाले किंवा पॅकिंग फाटले की तिथून फुकटची हवा आत शिरते. खूण ही, की लिव्हर खाली केला तरी इंजिन आपोआप रेस होते, एका वेगावर स्थिर राहत नाही आणि लवकर तापते. असे झाले तर ताबडतोब बंद करा. नट सारखे आवळा, पॅकिंग बदला. तरीही तसेच चालले तर आतल्या सीलचा दोष असतो. ते मिस्त्रीचे काम. पण तोवर पंप चालवू नका.

ऑइल किती घालावे?

अंदाजाने नाही, मोजून. पंपाच्या पुस्तिकेत किंवा टाकीवर प्रमाण दिलेले असते, तेच खरे. हिशेब असा:

२५ ला १ असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल.
४० ला १ असेल तर १ लिटरला २५ मिली.
५० ला १ असेल तर १ लिटरला २० मिली.

ऑइल टू-टीचेच वापरा. ट्रॅक्टरचे किंवा गाडीतून काढलेले जुने ऑइल घालू नका. मिश्रण पंपाच्या टाकीत करू नका. वेगळ्या स्वच्छ डब्यात अर्धे पेट्रोल घ्या, ऑइल घाला, हलवा, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवा आणि बारीक जाळीतून गाळून टाकीत ओता. औषध मोजायचे माप पेट्रोलला आणि पेट्रोलचे माप औषधाला वापरू नका. कामापुरतेच मिश्रण करावे. उरलेच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवावे आणि महिन्याच्या आत संपवावे. पावसाळ्यात त्याहूनही लवकर.

जिवाला जपा

हे शेवटी सांगतो आहे, पण मोलाचे हेच आहे.

पंप पाठीवर असताना पेट्रोल भरू नका. खाली उतरवा, इंजिन बंद करा, दहा मिनिटे निवू द्या आणि मग भरा. सांडलेले पुसल्याशिवाय दोरी ओढू नका. गरम सायलेन्सरवर पडलेले पेट्रोल पेटायला वेळ लागत नाही, आणि पंप पाठीला पट्ट्यांनी बांधलेला असतो.

नळीतून पेट्रोल तोंडाने ओढू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. चुकून कुणी गिळले तर ओकारी काढायला लावू नका. तसेच दवाखान्यात न्या.

फवारणी चालू असताना इंजिन मरायला लागले तर आधी औषधाचा कॉक बंद करा, मग पंप उतरवा. नाहीतर नळीतले औषध अंगावर आणि एकाच झाडावर गळत राहते. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा. औषधाच्या हाताने प्लग काढायचा आणि त्याच हाताने तंबाखू मळायची, हे करू नका.

हंगाम संपला की पेट्रोलची टाकी रिकामी करा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू द्या. म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही, राळ धरत नाही. एक प्लग, एक गाळणी आणि वीतभर नळी घरात जादा ठेवा. त्यांची किंमत एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी आहे.

थोडक्यात, पंप बंद पडला तर हा क्रम ठेवा

१. प्लग काढून बघा: कोरडा की ओला.
२. झाकण सैल करून बघा: हवेची वाट मोकळी आहे का.
३. पेट्रोल काचेच्या बाटलीत बघा: जुने आहे का, पाणी आहे का.
४. गाळणी, कॉक, नळी बघा: धार लागते का, बुडबुडे येतात का.
५. मगच कार्बोरेटर उघडा. जेटमध्ये तार घालू नका.
६. जोडाचे नट आणि पॅकिंग बघा.
७. उपाशी इंजिन रेटून चालवू नका.

हा कागद पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा. फवारणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पंप एकदा सुरू करून, पंधरा मिनिटे पूर्ण वेगाने, टाकीत साधे पाणी भरून चालवून बघा. काही दोष असेल तर तो घरच्या अंगणात सापडू द्या, भर शेतात नको.